ज्या झाडाचं फळ चाखलं नाही, त्याची काडी घेऊ नका

अंजिराची नवी बाग लावायची म्हटली की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो रोपाच्या भावाचा. दुसरा अनुदानाचा, तिसरा ठिबकचा. रोप ज्या झाडाच्या काडीपासून केलं त्या झाडाचं फळ खायला कसं होतं, हे सहसा कुणी विचारत नाही. पुरंदर तालुक्यात अंजीर पिढ्यान्‌पिढ्या आहे, पण तिथंही हीच तऱ्हा, याचं मला नवल वाटतं. बैल घेताना आपण दात बघतो. कालवड घेताना तिची आई किती दूध द्यायची ते चार जणांना विचारतो. अंजिराची बाग मात्र एकदा लावली की पंधरा-वीस वर्षं पुढ्यात उभी राहणार, आणि तिची आई कोण हे आपल्याला ठाऊक नसतं.

अंजीर हा वड, पिंपळ, उंबर यांचा भाऊबंद. न दिसणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो. अंजिराच्या फुलाचीही तीच गत. ज्याला आपण फळ म्हणतो ती आतून पोकळ अशी पिशवी असते आणि तिच्या आतल्या अंगाला शेकडो बारीक फुलं असतात. आपलं पुना अंजीर परागीभवन न होताच पोसतं. त्यामुळे खाताना दाताखाली जे बी कुरकुरतं ते बहुतेक पोकळ असतं, पेरून त्याचं झाड होत नाही. परदेशात जिथं अंजिराचं बी भरतं, तिथंही बियाचं झाड आईसारखं निघेल याचा भरवसा नसतो. म्हणून अंजीर वाढवायचं ते फाटे कलमानं, नाहीतर गुटीनं. पावसाळ्यात वडाची फांदी रोवली की ती जीव धरते हे गुराख्याच्या पोरालाही माहीत आहे. अंजिराची काडी जवळजवळ तितकीच सोशिक.

आता यातलं मर्म लक्षात घ्या. काडीपासून वाढलेलं झाड हे त्या झाडाचं पोर नव्हे, ते तेच झाड आहे, नव्या जागी उभं केलेलं. आईची साल पातळ तर याची पातळ. आईचं फळ पाणचट तर याचं पाणचट. खतानं, पाण्यानं, छाटणीनं फळ मोठं करता येईल, पण जी गोडी, जो वास त्या काडीत मुळात नाही तो कोणत्याही औषधाच्या बाटलीतून येणार नाही. एकाच गावच्या एकाच बागेत, एकाच पाण्यावर, दोन शेजारच्या झाडांची फळं वेगळी लागतात हे तुम्हीही पाहिलं असेल. तोडणीच्या बायांना तर ते पक्कं माहीत असतं. स्वतःला खायचं फळ त्या कोणत्या झाडाचं काढतात ते एकदा गुपचूप बघा. मातृवृक्ष निवडायची याहून स्वस्त पद्धत मला माहीत नाही.

चाखायचं कसं, तेही सांगतो, कारण अंजीर तपासायचं म्हणजे नुसतं तोंडात टाकायचं असं नाही. पहिली गोष्ट, खट्टा बहाराच्या फळावरून झाडाची पारख करू नका. पावसाळी हवेतलं ते फळ, नावाप्रमाणेच गोडीला कमी. चांगलं झाडही त्यात मार खातं. झाडाची खरी परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडाला, मीठा बहारात. फळ झाडावर पूर्ण पिकू द्या. तोडल्यावर अंजिराची गोडी वाढत नाही, नुसतं मऊ पडतं. कच्चं असताना ते देठाशी ताठ असतं, पिकलं की मान टाकतं. बोटानं हलकेच दाबलं तर कानाच्या पाळीइतकं मऊ लागलं पाहिजे. देठातून पांढरा चीक अजून वाहत असेल तर ते फळ चाखायला घेऊ नका. ओठ चरचरतील आणि चव कळणार नाही ती नाहीच.

मग डोळ्यानं बघा. आपल्या अंजिराचा घाट घंटेसारखा, रंग जांभळट-तपकिरी, अंगावर उभ्या शिरांच्या रेघा आणि द्राक्षावर असते तशी पुसट लव. फळ उलटं करून खालचं तोंड तपासा. काही झाडांच्या फळाचं तोंड बारीक, मिटलेलं असतं. काहींचं सताड उघडं. उघड्या तोंडात मुंग्या आणि चिलटं शिरतात, आतला गर आंबतो, आणि वरून ठाकठीक दिसणारं फळ फोडलं की दारूसारखा वास येतो. बारीक तोंडावर मधासारखा एक थेंब येऊन थांबलेला असेल तर ते फळ पुरतं तयार झालं समजा.

त्यानंतर नाकाजवळ धरा. चांगल्या पिकलेल्या अंजिराला मंद वास असतो, मधाचा आणि थोडा काकवीचा. (पानाचा वास निराळा. अंजिराचं खरखरीत पान हातात चुरगळून बघा, मला त्यात ओल्या नारळाचा भास होतो.) मग फळ हातानं फोडा, सुरीनं नको. साल पातळ असेल तर ती गराबरोबर सहज फाटते. जाड असेल तर चामड्यासारखी वेगळी राहते आणि चावताना शेवटी तोंडात तीच उरते. गर गुलाबी, ओलसर, भरीव असावा, मध्ये मोठी पोकळी नसावी. खाताना गोडी जिभेवर लगेच पसरते, पण घास गिळल्यावर ती किती वेळ टिकते ते मोजा. पाणचट फळाची गोडी घोटाबरोबर जाते. रिफ्रॅक्टोमीटर मिळाला तर जरूर लावा, गोडीचा आकडा कागदावर राहतो. पण सालीचा जाडपणा आणि वास त्या यंत्राला कळत नाही.

एका झाडाचं एकच फळ खाऊन निकाल देऊ नये. चारी बाजूंची फळं घ्यावीत, आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा घ्यावीत, जमल्यास पुढच्या वर्षीही. दोन वर्षं ज्या झाडानं दगा दिला नाही ते खरं.

इथं एक अडचण येते आणि सगळा घोटाळा तिथंच होतो. फळ चाखायचं उन्हाळ्याच्या तोंडाला आणि काडी घ्यायची छाटणीला. मध्ये काही महिने जातात. छाटणीच्या वेळी झाडावर ना फळ, ना धड पान. सगळी झाडं सारखीच राखाडी, बोडकी दिसतात. छाटलेल्या फांद्या बांधावर ढिगानं पडतात. त्या ढिगातून कुणी भारा बांधून नेतो, त्याची रोपं होतात आणि पुढल्या वर्षी तीच आपण पैसे मोजून घेतो. त्या भाऱ्यात बागेतल्या सर्वांत चांगल्या झाडाच्या काड्या असतात तशा सर्वांत भिकार झाडाच्याही असतात. ढीग भेद करत नाही. म्हणून फळ झाडावर असतानाच पसंत पडलेल्या झाडाच्या बुंध्याला गेरूचा किंवा ऑइलपेंटचा पट्टा मारून ठेवा. चिंधी बांधू नका, छाटणीपर्यंत ती टिकत नाही.

काडी करण्याची रीत अनेकांना येते, तेव्हा त्यावर फार शाई घालवत नाही. आठ-दहा महिन्यांची, पक्व झालेली, करंगळीएवढी फांदी घ्यावी. बुंध्यातून सरळ उसळलेली लुसलुशीत फूट दिसायला जोमदार असते, पण आतून भुसभुशीत, ती कुजते. लांबी सव्वा वीत, म्हणजे २५ ते ३० सेंटीमीटर, आणि त्यावर चार ते सहा डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ, वरचा काप डोळ्याच्या बोटभर वर तिरका. यामुळे उलटी काडी लावण्याचा गोंधळ होत नाही. काप घेताच चीक वाहतो, तो धुऊन काड्या थोडा वेळ सावलीत निथळू द्या. बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून, आणि मिळालं तर आय.बी.ए. हे रुजवणीचं संप्रेरक लावून, माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत भरलेल्या पिशवीत दोन तृतीयांश काडी आत जाईल अशी लावा. पिशवीची माती उन्हाळ्यात प्लॅस्टिकखाली तापवून घेतलेली असावी. मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी आपल्या बागेत येते ती बहुधा अशा पिशवीच्या मातीतून, आणि एकदा आली की जात नाही.

दोन चुका मात्र हमखास होतात. पहिली, पाणी जास्त. ओल असावी, चिखल नसावा. दुसरी चूक उतावळेपणाची. आठ-पंधरा दिवसांत वर हिरवं पान दिसतं आणि आपण खूश होतो. ते पान काडीत साठलेल्या अन्नावर फुटलेलं असतं, खाली मुळाचा पत्ताही नसतो. मग कुणीतरी काडी हलवून, उपसून बघतं आणि नुकती सुटणारी मुळी मोडते. दीड महिना तिला हात लावू नका.

पानांवर पिवळसर ठिगळं, वेडेवाकडे आकार असतील तर त्या झाडाची काडी कितीही गोड फळाची असली तरी घेऊ नका. मोझॅक हा विषाणूचा रोग काडीबरोबरच नव्या बागेत जातो. आणि सगळी बाग एकाच झाडाच्या काडीची करायचा मोह टाळा. ५ बाय ५ मीटरवर एकरी १६० झाडं बसतात. ती सगळी एकाच झाडाची नक्कल असतील तर एकाला जे दुखणं सोसणार नाही ते कुणालाच सोसणार नाही. पाच-सहा चांगल्या मातृवृक्षांच्या काड्या घ्या आणि ओळी वेगळ्या ठेवा.

अलीकडे तरुण मंडळी मोबाईलवरून परदेशी अंजिराच्या काड्या मागवतात. पुण्यात गच्चीवर कुंडीत लावणारेही बरेच आहेत. हौस म्हणून त्याला माझी ना नाही, मात्र २००३ च्या आदेशानुसार बाहेरून झाडांचे भाग आणायला परवानगी आणि तपासणी लागते, हे लक्षात असू द्या. एकरभर लावणाऱ्यानं तर कॅलिफोर्नियाची गोष्ट आधी ऐकावी. तिथल्या बागायतदारांनी १८८० च्या दशकात तुर्कस्तानातून स्मर्ना जातीच्या अंजिराच्या हजारो काड्या आणल्या. काड्या रुजल्या, झाडं झाली, फळं धरली आणि पोसायच्या आतच गळून गेली. स्मर्नाच्या लोकांनी आपल्याला मुद्दाम वाईट काड्या देऊन फसवलं, असा बोभाटा झाला. खरी गोष्ट अशी की त्या जातीला एक बारीक माशी लागते. ती रानअंजिराच्या फळात वाढते, तिथले परागकण अंगावर घेऊन बाहेर पडते आणि स्मर्नाच्या फळात शिरते, तेव्हा कुठं ते फळ टिकतं. ही माशी कॅलिफोर्नियात नीट रुजवायला १८९९ साल उजाडलं. अशा जातीची काडी दिव्यात किंवा सोनोरीत लावली तर झाड हिरवंगार होईल आणि फळ हाती लागणार नाही. नाव परदेशी आहे म्हणून भुलू नका. ती माशीविना पोसणारी जात आहे का, एवढं तरी विचारा.

घरचं सोनं आपल्याकडे आहेच. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. १ ऑगस्ट २०२४ रोजी याच मानांकित अंजिरापासून केलेला तयार रस पोलंडला रवाना झाला, आणि त्यात पुढाकार पुरंदरच्याच शेतकरी उत्पादक कंपनीचा होता. हे मानांकन कशावर उभं आहे? आपल्या हलक्या, निचऱ्याच्या जमिनीवर, डोंगराआडच्या कोरड्या हवेवर आणि जुन्या झाडांच्या फळाच्या चवीवर. जमीन आणि हवा जागेवर आहे. चव मात्र काडीतून येते, आणि तिकडेच आपलं लक्ष नाही. भारी काळ्या रानात वाढलेलं, पाणी पिऊन फुगलेलं, जाड सालीचं फळ ‘पुरंदर’ म्हणून हडपसरच्या रस्त्यावर किंवा मार्केट यार्डात दोन वर्षं विकलं गेलं, की पुण्याचं गिऱ्हाईक तिसऱ्या वर्षी हात आखडतं. त्या वेळी मानांकनाचा कागद दाखवून उपयोग नाही.

आमच्या खात्याबद्दलही इथं बोललं पाहिजे. अनुदानाच्या लागवडीला मान्यताप्राप्त रोपवाटिकेची पावती लागते. नियम योग्य आहे, कारण त्यामुळे निदान रोप कुठून आलं ते कळतं. परंतु कोणत्या झाडाचं आलं, हे त्या पावतीवर नसतं. माझं स्पष्ट मत असं आहे की अंजिराच्या बाबतीत पावतीवर मातृवृक्षाचं गाव आणि गट नंबर लिहिल्याशिवाय ती ग्राह्य धरू नये. शिवाय, ज्या शेतकऱ्यानं स्वतःच्या तपासलेल्या झाडाची रोपं केली आहेत त्याला खात्यातर्फे तपासणी करून लागवडीला मुभा द्यावी. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं अंजीर आणि सीताफळाचं संशोधन केंद्र आपल्याच तालुक्यात, जाधववाडीला आहे. झाडाची शहानिशा करायला लांब जावं लागत नाही. काही सहकारी म्हणतील, कामं आधीच काय थोडी आहेत? पण हे काम वर्षातून एका बहाराचं आहे.

आणि आता जे लिहितोय त्यासाठीच मुख्यतः हा लेख. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी ही सात गावं विमानतळाच्या आराखड्यात आली. २०१६ मध्ये जागा जाहीर झाली, २०२५ मध्ये मोजणीवरून माणसं रस्त्यावर उतरली. विमानतळ व्हावा की न व्हावा, यावर वर्तमानपत्रात बोलण्याचा मला अधिकार नाही, आणि ज्यांची जमीन आहे त्यांच्याइतकं त्यातलं मला कळतही नाही. पुणे शहर वाढतं तसं ते पुरंदरकडे हात पसरणार, हे आपण घाटाखालून येणाऱ्या टँकरपासून प्लॉटिंगपर्यंत बघतच आलो. माझा मुद्दा झाडांपुरता आहे. संपादनात झाडांची मोजदाद होते: प्रकार, वय, संख्या, उत्पन्न. त्यावरून मोबदला निघतो. त्या तक्त्यात चवीला रकाना नाही. वीस वर्षांचं उत्तम झाड आणि वीस वर्षांचं सुमार झाड तिथं एकाच ओळीत बसतं.

एखादं झाड तोडलं गेलं आणि त्याची काडी कुठंच लावलेली नसली, तर ते झाड कायमचं गेलं. त्याचं बी नाही. गहू-ज्वारीसारखं मूठभर दाणे मडक्यात राखून ठेवता येत नाहीत. म्हणून या सात गावांतल्या बागायतदारांना माझं हात जोडून सांगणं आहे की लढा चालू ठेवायचा तर ठेवा, वाटाघाटी करायच्या तर करा, पण येत्या मीठा बहारात आपल्या बागेतली सर्वांत गोड चार झाडं रंगवून ठेवा आणि छाटणीला त्यांच्या काड्या करा. काडी केली म्हणजे जमीन सोडली असा अर्थ होत नाही. जमीन राहिली तर नवी रोपं त्याच बांधावर लागतील. नाही राहिली, तर दिवे, गुरोळी, वाघापूर, राजेवाडीकडचे पाव्हणे आहेतच. त्यांनी मात्र काड्या फुकट मागू नयेत. रोपवाटिकेत ज्या रोपाची आई माहीत नाही त्याला आपण पैसे देतो, मग आई माहीत असलेल्या काडीला चार पैसे जास्तच दिले पाहिजेत.

ग्रामपंचायतींनाही यात काम आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगाव व्यवस्थापन समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या झाल्या. पुष्कळ ठिकाणी त्या कपाटात आहेत. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ती वही बाहेर काढावी, गावातल्या अंजिराच्या नामांकित झाडांची नोंद करावी: गट नंबर, झाडाचं अंदाजे वय, साल, तोंड, गराचा रंग, चव, कोणत्या महिन्यात चाखलं आणि कुणी कुणी चाखलं. चाखणाऱ्यांत एक तोडणीची बाई असावीच. नोंद करण्यापूर्वी मालकाची संमती घ्यावी आणि त्याचीही सही असावी. काड्या जिथं दिल्या त्या गावाचं नाव पुढच्या रकान्यात.

पिशव्यांना चिठ्ठी लावताना तेच नंबर लिहावेत, प्रत्येक ओळीला निदान दोन चिठ्ठ्या. पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्यानं कोरलं तर उत्तम. ते जमत नसेल तर प्लॅस्टिकच्या पट्टीवर साध्या शिसपेन्सिलीनं लिहा. पेनची शाई दोन पाण्यांत धुऊन जाते आणि पेन्सिलीचं अक्षर वर्षभर वाचता येतं.